ग्रंथालयाच्या टेबलावरून : जर्नल कोणतं आणि मासिक कोणतं?

मागच्या महिन्यात एका मुलाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की प्रोजेक्टला संदर्भ देताना जर्नलमधले लेख बघ, नुसत्या मासिकांवर भागवू नको. त्या एका वाक्यावर या खेपेला एवढी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. अंबाजोगाईला कॉलेजच्या ग्रंथालयात माझी एकतीस वर्षं गेली आणि हा प्रश्न काउंटरवर दर आठवड्याला कुणीतरी विचारायचंच, पण नीट बसून लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. पत्रं थोडी कापून घेतलीत, राग मानू नका.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. समाजशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर रिसर्च प्रोजेक्ट करायलेय. सरांनी सांगितलं की कमीत कमी पाच संदर्भ जर्नलचे पाहिजेत. मी सात लेख झेरॉक्स करून नेले तर त्यातले पाच सरांनी बाजूला काढले, म्हणे ही मासिकं आहेत. पण मॅडम सगळ्यांवर आयएसएसएन नंबर होता, मग ती जर्नलं कामून नाहीत? – एक विद्यार्थिनी, धारूर

उत्तर : बाळा, तुझी चूक नाही, हा नंबर बघून भलेभले फसतात. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आधार नंबर समज. आठ आकडे, मधे एक आडवी रेघ, कधी कधी शेवटी आकड्याऐवजी एक्स असतो. आधार कार्ड माणूस कोण आहे ते सांगतं, तो डॉक्टर आहे का शिक्षक आहे हे सांगत नाही ना, तसंच. आपल्याकडे दिल्लीतली सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची, संस्था हा नंबर देते, त्याला पैसेही लागत नाहीत, आणि तो साप्ताहिकाला मिळतो, पाककृतीच्या मासिकाला मिळतो, जर्नललाही मिळतो. आत काय छापलंय ते नंबर देताना कुणी तपासत नाही. त्यामुळे नंबर बघून ठरवायचंच नाही.

मग बघायचं काय, तर मी मुलांना टेबलावर दोन अंक शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे, तेच इथं करते. डाव्या हाताला मासिक. कव्हरवर फोटो, आत बियाण्याची, सोन्याच्या दुकानाची, क्लासेसची जाहिरात. लेख सुरू होतो तो एखाद्या प्रसंगाने, म्हणजे पहाटेच्या थंडीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलाय आणि त्या बोचक्यांवर एक पोरगी पाटी घेऊन बसलीय, असं. वाचताना काळीज हलतं. शेवटी लेखकाची एक ओळ, 'लेखक मुक्त पत्रकार आहेत', आणि झालं. आकडे असतात पण ते आले कुठून ते बहुतेक वेळा नसतं.

उजव्या हाताला जर्नल. बऱ्याचदा कव्हर साधं, एकाच रंगाचं. उघडलं की पहिलं पान एक नंबरचं नसून २१३ असतं, मुलं म्हणायची मॅडम याची पानं फाटलीत! फाटलेली नसतात, तो वर्षातला तिसरा अंक असतो आणि पानांचे आकडे खंडभर सलग चालतात, कारण वर्षाच्या शेवटी हे अंक एकत्र बांधून कपाटात कायमचे ठेवायचे असतात. (आमच्याकडे बाइंडर यायचा तो जर्नलचेच गठ्ठे न्यायचा, मासिकं दोन-तीन वर्षांनी रद्दीत जायची. सगळीच जर्नलं अशी सलग पानं देत नाहीत, पण दिसली तर खूण चांगली आहे.) शीर्षकाखाली लेखकाचं नाव, कुठल्या विभागात आहे तो पत्ता, ईमेल. मग दहाबारा ओळींचा सारांश. आणि आता पानाच्या तळाला बघ, एकदम बारीक टायपात : लेख मिळाला मार्चमध्ये, सुधारून आला ऑगस्टमध्ये, स्वीकारला नोव्हेंबरमध्ये. सगळीकडे नसतात, पण असल्या तर या तीन तारखांवर बोट ठेवून मी पोरांना विचारायचे, मार्च ते नोव्हेंबर काय चाललं होतं सांगा?

त्या आठ महिन्यांतच जर्नल आणि मासिकातला खरा फरक आहे. मासिकाचा लेख संपादक वाचतो, भाषा नीट करतो, जागेत बसवतो आणि छापतो. जर्नलचा संपादक तो लेख त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन बाहेरच्या माणसांकडे पाठवतो, पुष्कळदा लेखकाचं नाव काढून, आणि तपासणारा कोण हे लेखकालाही कळू देत नाहीत. ते लोक लिहून कळवतात की तुम्ही म्हणता चाळीस टक्के मुलं शाळा सोडतात, पण किती कुटुंबं बघितली, कोणत्या तालुक्यातली, कशी निवडली, हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं धरली का सोडली? लेखक उत्तरं देतो, काही वाक्यं मागे घेतो, परत पाठवतो. कधी कधी लेख सरळ नाकारला जातो. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात, मराठीत समकक्ष तपासणी. जर्नल ही चीज १६६५ पासूनची आहे, लंडनच्या रॉयल सोसायटीचं त्या वर्षी मार्चमध्ये सुरू झालं, पण सगळ्या लेखांना अशी बाहेरची तपासणी ही सवय खूप नंतरची, नेचरसारख्या नावाजलेल्या जर्नलमध्येसुद्धा ती १९७३ पासून नियमाने सुरू झाली.

दुसरी खूण शेवटच्या पानांवर. संदर्भांची यादी, दोन-दोन पानं. मुलांना ती कंटाळवाणी वाटते पण तिचा अर्थ असा की लेखक म्हणतोय, माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे घ्या पत्ते, जाऊन बघून या. धारूरच्या पोरीला मुंबईतल्या प्राध्यापकाचं म्हणणं तपासता यावं यासाठीच ती यादी असते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

एक लक्षात ठेव, जर्नलमध्ये छापलेलं सगळंच तपासलेलं नसतं. संपादकीय, पुस्तक परीक्षण, वाचकांची पत्रं ही त्यातही असतात आणि ती सहसा पीअर रिव्ह्यूला जात नाहीत. आणि ते बाजूला काढलेले पाच लेख फेकू नको गं. ट्रॉलीवरची ती पोरगी कुठल्याच टेबलमध्ये सापडणार नाही. प्रश्न कोणते विचारायचे ते मासिकाच्या लेखातून कळतं, आणि लोक या विषयावर काय बोलतात, कसं बोलतात याचा पुरावा म्हणून ते लेख प्रोजेक्टमध्ये घेता येतात. फक्त 'इतकी टक्के मुलं शाळा सोडतात' या वाक्याच्या मागे पुरावा म्हणून ते उभे करू नको.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी पीएचडी करतोय आणि एका कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवतो. व्हॉट्सॲपला रोज मेसेज येतात, 'यूजीसी अप्रूव्हड इंटरनॅशनल जर्नल, इम्पॅक्ट फॅक्टर ७.२, तीन दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेटसह फक्त १,८०० रुपये'. मित्र म्हणतात टाकून दे. काय करू? – एक संशोधक विद्यार्थी, देगलूर

उत्तर : टाकू नका सर. वरचं उत्तर वाचलं असेल तर तीन दिवसांत हा शब्दच पुरेसा आहे, तीन दिवसांत कुठला तज्ज्ञ तुमचा निबंध वाचून, विचार करून, उत्तर लिहिणार? ते निबंध वाचतच नाहीत, फक्त पैसे आले का ते बघतात.

मला या धंद्याची चीड आहे आणि त्याला कारण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच एक गुळगुळीत कागदाचं 'इंटरनॅशनल जर्नल' यायचं, वर्गणी भरून, आणि मी ते दोन वर्षं जर्नलच्या रॅकवर मांडलं. संपादक मंडळात परदेशातली अकरा नावं. एके दिवशी एकाच अंकात समाजशास्त्र, रसायनशास्त्र आणि कबड्डीवरचे लेख बघून मला शंका आली, म्हणून त्यातल्या एका प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवरून पत्ता काढून ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर, माझा या जर्नलशी काहीही संबंध नाही, नावही ऐकलं नाही. त्या दोन वर्षांत आमच्या किती मुलांनी त्यातून संदर्भ घेतले आणि किती जणांनी त्यात पैसे भरून निबंध छापले असतील या विचाराने मला आजही वाईट वाटतं. एका मुलाने त्यासाठी आईच्या नावावरच्या बचत गटातून पैसे उचलले होते, ते मला नंतर कळलं. चौकटीला सोनेरी वेलबुट्टी असलेलं सर्टिफिकेट मात्र त्याने लॅमिनेट करून ठेवलं होतं.

आता 'यूजीसी अप्रूव्हड'चं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मंजूर जर्नलांची यादी काढली होती, तिच्यात एवढं गाळसाळ शिरलं की मे २०१८ मध्ये एका झटक्यात ४,३०५ जर्नलं काढून टाकावी लागली. मग २०१९ मध्ये यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली. तीसुद्धा यूजीसीने बंद केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं जाहीर झालं आणि जर्नल पारखायचं काम विद्यापीठांवर आणि संशोधकांवरच आलं. म्हणजे आज कुणी 'यूजीसी अप्रूव्हड' म्हणून मेसेज पाठवत असेल तर तो अस्तित्वात नसलेली गोष्ट विकतोय. आणि मुख्य म्हणजे, पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय आहे ते गाईडना आणि पीएचडी सेक्शनला विचारून घ्या, पुष्कळ मुलं जुन्या भीतीने पैसे भरतात.

इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा क्लॅरिव्हेट नावाची कंपनी दरवर्षी काढते, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा दाखला इतरांनी सरासरी किती वेळा दिला त्यावरून. त्यांच्या यादीत नसलेली जर्नलं स्वतःच्याच मनाने आकडा लावतात किंवा तसाच एक दुकानदार गाठून विकत घेतात. पुन्हा मराठी, इतिहास, लोकसाहित्य या विषयांतल्या कितीतरी चांगल्या जर्नलना इम्पॅक्ट फॅक्टर नसतोच, म्हणून नाही म्हणजे वाईट असंही धरू नका.

पैसे घेणारं प्रत्येक जर्नल मात्र खोटं नसतं हे पण सांगते, नाहीतर अन्याय होईल. वाचकाला फुकट देणारी पुष्कळ चांगली जर्नलं लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून फी घेतात, पण ती निबंध तपासून स्वीकारल्यावर, आणि नाकारतातसुद्धा. अशा खुल्या जर्नलांची पारखून केलेली एक यादी डीओएजे नावाने आहे, तिथं नाव शोधा. यादीत नाव आलं तरी डोकं चालू ठेवायचं. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकाच्या एका पत्रकाराने कॅन्सरच्या औषधावरचा मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा निबंध, खोट्या नावाने, ३०४ खुल्या जर्नलना पाठवला होता, त्यातल्या १५७ जणांनी तो स्वीकारला!

प्रश्न : मी शेतकरी, सोयाबीन आणि तूर. २०२२ ला गोगलगायीनं पार वाट लावली तवापासून मी जे मिळंल ते वाचतो. औवंदा दुकानदारानं एका टॉनिकचं रंगीत पत्रक दिलं, 'संशोधनाने सिद्ध' लिवलंय आणि संगं इंग्रजी रिसर्च पेपरची झेरॉक्स. मासिकात येतं ते खरं का पेपरात येतं ते खरं? – रेणापूर तालुक्यातून

उत्तर : दादा, तुमच्यासाठी इंग्रजी न वाचता बघता येईल अशी एक जागा सांगते. शेतीच्या खऱ्या निबंधात आकड्यांचं टेबल असतं. त्यात एक ओळ कंट्रोलची असते, म्हणजे काहीच न मारलेला प्लॉट. ही ओळ नसेल तर झेरॉक्स परत करा, कारण कशाच्या मानाने वाढ झाली तेच सांगितलेलं नाही. आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या ओळीत 'सी.डी.' (क्रिटिकल डिफरन्स) म्हणून एक आकडा असतो, फरक खरा मानायला निदान एवढा तरी पाहिजे असं तो सांगतो. समजा टॉनिक मारलेल्या प्लॉटला हेक्टरी २२ क्विंटल आलं, न मारलेल्याला २० आलं, आणि खाली सी.डी. आहे ३. फरक दोनचा, सी.डी. तीनचा, म्हणजे तो फरक टॉनिकचा आहे असं म्हणता येत नाही, जमिनीच्या चढउतारानेही तेवढा पडू शकतो. फरक सी.डी.पेक्षा जास्त असेल तरच बोला. ही दोन बोटं टेबलावर ठेवून दुकानदाराला विचारा, आणि प्रयोग किती वर्षं केला, कुठल्या जमिनीवर केला, पैसा कुणी दिला तेही विचारा.

तुमच्या हातातलं रंगीत पत्रक हे ना मासिक आहे ना जर्नल, ती जाहिरात आहे. मासिकाच्या आकारात आणि मासिकाच्याच भाषेत जाहिरात येते तेव्हा गडबड होते, म्हणून लेखाच्या वर किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' असं काही लिहिलंय का ते बघत चला.

बाकी तुम्ही मासिकंच वाचा, त्यात कमीपणा नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं शेतीभाती घ्या, त्यात लिहिणारे बरेच जण तेच असतात जे जर्नलमध्ये निबंध लिहितात. निबंधात ते दुसऱ्या शास्त्रज्ञाशी बोलतात, मासिकात तुमच्याशी बोलतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकून सकाळी गोगलगायी गोळा करा, हे पेरणीच्या तोंडावर कळायला पाहिजे, त्यासाठी निबंध छापून यायची वाट बघून चालत नाही.

प्रश्न : इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली हे साप्ताहिक आहे, मग ते जर्नल कसं? आणि मराठीत जर्नल आहेत की नाहीत? – एक निवृत्त शिक्षक, अंबड

उत्तर : सर, किती दिवसांनी निघतं यावर काहीच ठरत नाही. नेचर आणि सायन्स ही सुद्धा दर आठवड्यालाच येतात. वीकलीच्या एकाच अंकात दोन्ही असतं, पुढच्या पानांवर संपादकीय आणि ताज्या घडामोडींवरची टिपणं, मागे 'स्पेशल आर्टिकल' म्हणून तपासून घेतलेले लांब शोधनिबंध. म्हणून संदर्भ देताना अंकाचं नाव सांगून भागत नाही, कोणत्या विभागातला लेख तेही बघावं लागतं.

मराठीत आहेत. तत्त्वज्ञानासाठी पुण्याच्या विद्यापीठातून निघालेलं परामर्श, भाषेसाठी मराठी अभ्यास परिषदेचं भाषा आणि जीवन, शिवाय समाज प्रबोधन पत्रिका. यांचे बांधीव खंड जुन्या कॉलेजांच्या कपाटात धूळ खात असतात, ते काढून बघा. आणि आपल्या मराठवाड्याचं म्हणाल तर गंगाधर पानतावणे सरांचं अस्मितादर्श, १९६०च्या दशकाच्या शेवटी औरंगाबादेत सुरू झालेलं. ते तपासणीचं जर्नल नव्हतं, पण दलित साहित्यावर संशोधन करणाऱ्याला ते टाळून एक पाऊल पुढे जाता येत नाही, कारण तिथं ते साहित्य घडत होतं, तोच मूळ पुरावा आहे. हे मासिक-जर्नल असं कप्प्यात टाकायची घाई करणाऱ्यांना मी नेहमी सांगते.

प्रश्न : गावात बसून जर्नल वाचायची कुठं? साइटवर गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. – सेलू

उत्तर : पैसे भरू नका. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत आणि तीस मोठ्या प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नलं सरकारी विद्यापीठांना, कॉलेजांना त्यातून वाचता येतात. तुम्ही अशा ठिकाणी शिकत असाल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही हा माझा अनुभव आहे. नसाल तर शोधगंगा नावाच्या साइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत. आणि सगळ्यात सोपं, लेखकालाच ईमेल करा. चार ओळी लिहा, कुठून आहात, कशासाठी पाहिजे. बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात, त्यांचंही कुणीतरी वाचतंय याचं त्यांना बरं वाटतं.

प्रश्न : ताई, मी आशा वर्कर आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायची तर एक शिकलेली सून नाही म्हणाली. तिने मोबाईलवर दाखवलं की गोवराच्या लसीने मुलाला ऑटिझम होतो, लॅन्सेटमध्ये आलंय म्हणे, आणि लॅन्सेट म्हणजे डॉक्टरांचं सगळ्यात मोठं जर्नल. तिला काय सांगू? – कळमनुरी तालुका

उत्तर : ताई, ती खोटं बोलत नाहीये, ते खरंच लॅन्सेटमध्ये आलं होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये, अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा निबंध. त्यात मुलं किती होती सांगू? बारा. ती लसही गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी तिन्हीची एकत्र होती, पण लोकांनी नाव घेतलं गोवराच्या लसीचं. पीअर रिव्ह्यू होऊनही असं निसटतं, तपासणारी शेवटी माणसंच असतात आणि लेखकाने दिलेली माहितीच बनावट असेल तर ती टेबलावर बसून पकडणं अवघड असतं.

पुढचं मात्र तिच्या मोबाईलवर आलेलं नसणार. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासलं, तसं काही सापडेना. २००४ मध्ये त्याच्या दहा सहलेखकांनी तो निष्कर्ष मागे घेतला. २०१० मध्ये लॅन्सेटने निबंधच मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये छापून आला, त्याच तिहेरी लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही.

तिला रागावू नका, शिकलेली आहे, बाळाच्या काळजीने शोधतेय. शेजारी बसा आणि तिच्याच मोबाईलवर लॅन्सेटच्या साइटवरचा तो मूळ निबंध उघडायला सांगा. त्याच्या पानापानांवर लाल मोठ्या अक्षरात 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का आडवा मारलेला आहे, म्हणजे मागे घेतलेला. बातम्यांमध्ये आणि फॉरवर्डमध्ये तो शिक्का दिसत नाही, जुनी बातमी तशीच फिरत राहते. तिने तो स्वतः बघू दे, मग नर्सताईंना बोलवा आणि पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन यायला सांगा.